निळ्या झाकणावरची मराठी

बाळंतपणाची रजा संपवून मी कामावर परत आले, तेव्हा डिझाइन विभागातली माझी खुर्ची दुसऱ्या कुणाला तरी दिलेली होती. मला बोलावून सांगण्यात आलं, "तुम्ही आता सर्टिफिकेशन बघा. कागदांचं काम आहे, धावपळ नाही. घरी लहान मूल आहे, तुम्हालाही बरं पडेल." सांगणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हतं. पण संध्याकाळी घरी आल्यावर मी नवऱ्याला म्हटलं, "मला कारकून केलं रे त्यांनी."

आमचा कारखाना साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत आहे. मोठी डिझेल इंजिनं आम्ही बनवतो. काही जनरेटरला जातात, पण बरीचशी ऊस तोडणाऱ्या हार्वेस्टरवर बसतात. गेल्या काही वर्षांत प्रदूषणाचे सरकारी निकष पायरीपायरीने कडक होत गेले. इंजिन विकायचं तर आधी त्याचा धूर पुण्याच्या चाचणी संस्थेत मोजून घ्यायचा, प्रमाणपत्र मिळवायचं, आणि मग कारखान्यातून बाहेर पडणारं प्रत्येक इंजिन त्या पास झालेल्या इंजिनासारखंच आहे याची हमी लिहून द्यायची. संस्थेची माणसं अधूनमधून न सांगता येतात, रांगेतलं कुठलंही इंजिन बोट दाखवून निवडतात आणि ते पुन्हा मोजायला नेतात. ही सगळी जबाबदारी आता माझी होती.

कागदांचं काम म्हणजे काय, हे मला फाइल उघडल्यावर कळलं. इंजिनाचा एकूण एक भाग त्यात लिहायचा: कुणी बनवला, कुठल्या धातूचा, त्याचं रेखाचित्र कुठलं. एखाद्या नळीचा बाक बदलला तरी ते पुण्याला कळवायचं. एवढंच नाही, इंजिनावर चिकटवायचं लेबल, चालकाला द्यायचं पुस्तक, टाकीवरची सूचना, हेही त्याच फाइलमध्ये. म्हणजे इंजिनाबद्दल जे जे खरं आहे ते ते लिहायचं, आणि जे लिहिलं ते खरं ठेवायचं. महिन्याभरातच 'कारकून' हा शब्द माझ्या बोलण्यातून गेला.

माझा खरा शिक्षक म्हणजे आमचे सुभेदार. हे पाटणच्या बाजूचे. लष्कराच्या वर्कशॉपमध्ये आयुष्य काढून पेन्शनवर आले आणि आमच्या टेस्ट बेडचे प्रमुख झाले. टेस्ट बेड म्हणजे जिथे इंजिन बांधून, भार देऊन पळवतात ती खोली. कारखान्यात त्यांना नावाने कुणी हाक मारत नाही, सगळे 'सुभेदार'च म्हणतात. पहिल्या दिवशी ते मला म्हणाले होते, "ताई, कागुद हाफिसात बसून लिवायचा नसतो. हितं या, कान दुखंस्तवर हुबं ऱ्हावा, मग लिवा." मी राहिले. कानाला आवाज अडवणारे मफ लावून, वहीवर डिझेलचे डाग पाडून घेत राहिले.

नव्या निकषांचं आमचं पहिलं इंजिन ताडपत्रीत गुंडाळून टेम्पोतून पुण्याला गेलं, तेव्हा सुभेदार टेम्पोतच ड्रायव्हरशेजारी बसले. खंबाटकीच्या घाटात कुणी त्याला धक्का देऊ नये म्हणून, असं म्हणाले. पुण्याच्या संस्थेत आमचं काम ज्या अधिकारी बाईंकडे होतं, त्या पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. धुरातली काजळी एका पांढऱ्या चकतीवर गोळा करून ती चकती त्या इतक्या जपून तराजूवर ठेवत, की मी श्वास धरून उभी राहायचे. पहिल्या खेपेला आम्ही थोडक्यात नापास झालो. इंधन फवारण्याची वेळ सुधारून परत गेलो, तेव्हा पास झालो. साताऱ्यात त्या दिवशी कंदी पेढे वाटले गेले. आमचे मालक, ज्यांना सगळे साहेब म्हणतात, स्वतः टेस्ट बेडवर आले आणि सुभेदारांच्या हातावर पेढा ठेवून म्हणाले, "मला वाटलं होतं, आता इंजिनं बनवणं सोडून दुसऱ्यांची विकावी लागणार."

नव्या इंजिनात एक गोष्ट जुन्या इंजिनापेक्षा वेगळी होती. डिझेलच्या टाकीशेजारी निळ्या झाकणाची एक छोटी टाकी. तिच्यात एक खास पाणी भरायचं. ते पाणी धुरावर फवारलं जातं आणि धुरातला विषारी वायू निवळतो. पाणी संपलं किंवा खराब निघालं, तर इंजिनाचा संगणक आधी दिवा लावतो, आणि तरी कुणी दाद दिली नाही तर ताकद कमी करत जातो. निकषच तसा आहे: पाण्याशिवाय इंजिन जोरात चालताच कामा नये.

ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला आणि थोड्याच दिवसांत फोन यायला लागले. वाळवा तालुक्यातून, आष्ट्याकडून, पलीकडे पलूसकडून. सगळ्यांचं गाऱ्हाणं एकच. इंजिन ताकद सोडतंय.

साहेबांच्या खोलीत बैठक बसली. आमचे विक्रीप्रमुख फार वैतागले होते. दिवसभर शिव्या तेच ऐकत होते, त्यामुळे मला त्यांचा राग येत नव्हता. ते म्हणाले, "सांगलीत एक जण आहे. लॅपटॉप जोडतो आणि त्या निळ्या टाकीची सगळी भानगड बंद करून देतो. लोक त्याच्याकडे जायला लागलेत. त्यापेक्षा आपणच गुपचूप बंद करून दिलं तर काय हरकत आहे? शेतात कोण बघायला येतंय?"

मी म्हटलं, "मग आपण पुण्याला जे लिहून दिलंय ते खोटं ठरतं. प्रमाणपत्र टाकीसकट मिळालंय, टाकीशिवाय नाही."

"मॅडम, प्रमाणपत्र भिंतीला लावायला ठीक आहे. मशीन शेतात उभं आहे त्याचं काय?"

शेतात मशीन का उभं आहे, हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. मी साहेबांना म्हटलं, "मला आधी एक मशीन डोळ्यांनी बघू द्या. सुभेदारांना बरोबर द्या. त्यानंतर ठरवा."

साहेब थोडा वेळ पेन फिरवत बसले. मग म्हणाले, "जा. पण लवकर या."

आष्टा हे माझं माहेर. सकाळी आम्ही निघालो, पेठ नाक्यावरून आत वळलो, आणि लेकराला आईच्या ओटीत टाकून मी सुभेदारांबरोबर शेताकडे गेले. अर्धा तोडलेला फड होता. मधोमध आमचं इंजिन बसवलेलं भलं मोठं मशीन गप्प उभं. बांधाला एक ताडपत्रीची खोप, बाहेर चूल, दोरीवर कपडे.

मशीनचा मालक आणि चालक एकच होता. जतच्या बाजूचा, दुष्काळी पट्ट्यातला. त्याच्या वडिलांनी जन्मभर मेंढरं राखली होती. यानं भावाबरोबर मिळून हे मशीन घेतलं होतं आणि हंगामभर बायकोसह इकडे राहायला आला होता. आम्हाला बघून तो उठला, पण पुढे आला नाही.

"आलासा? या. बघा तुमचं इंजिन. पयल्यांदा लय झ्याक चाललं. आता बैलगाडीगत चालतंय. बत्ती लागती, आन मग जीवच सोडतंय."

"बघू की, पाव्हणं," सुभेदार म्हणाले. "बघाय तर आलोय."

त्यांनी लॅपटॉप जोडला. संगणक सांगत होता की निळ्या टाकीतलं पाणी बरोबर नाही. सुभेदार मशीनवर चढले, झाकण उघडलं, आत वाकले आणि तसेच थांबले. मग म्हणाले, "ताई, जरा वर या. वास घ्या."

मी चढले. टाकीतून कडुनिंबाचा वास येत होता. झाकणाच्या कडेला पांढुरका, चिकट थर बसला होता.

मी खाली उतरून त्या चालकाला विचारलं, "दादा, ह्या टाकीत तुम्ही काय घालता?"

"युरिया."

"कुठला युरिया?"

त्यानं माझ्याकडे असं बघितलं, की ही बाई साताऱ्याहून एवढंच विचारायला आली काय. "कुठला म्हंजे? युरिया म्हंजे युरिया. त्यो बघा की." खोपीच्या सावलीला खताचं पोतं होतं. उसाला टाकतात तो, कडुनिंबाचा लेप दिलेला युरिया.

त्याची बायको चुलीजवळून उठून आली. तिला वाटलं असावं, आम्ही कचऱ्याबद्दल काही म्हणतोय. ती म्हणाली, "आवं, मी सोता गाळून देते की. बोरच्या पाण्यात इरघळवून, दुहेरी फडक्यानं. कचऱ्याचा कण जाऊ देत न्हाई."

सुभेदारांनी माझ्याकडे बघितलं. चालक खोपीत गेला आणि प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं आमचं पुस्तक घेऊन आला. कारखान्यानं मशीनबरोबर दिलेलं पाणी संपल्यावर जवळच्या विक्रेत्याकडे तसलं पाणी मिळालं नव्हतं, म्हणून त्यानं पुस्तक उघडलं होतं. त्यानं बोट ठेवलं ते वाक्य असं होतं: 'विहित संहतीचे युरियायुक्त जलीय द्रावण निर्देशित टाकीत यथास्थित भरावे.' टाकीवरच्या लेबलावरही हेच वाक्य होतं.

"म्या दोनदा वाचलं," तो म्हणाला. "त्यातलं युरिया तेवढं समजलं. जलीय म्हंजे पाणी असणार, असं धरलं. युरिया आन पाणी. मग सांगा, माझं काय चुकलं?"

वाक्य मी मोठ्यानं वाचून बघितलं. शेतात, उन्हात, अर्ध्या तोडलेल्या उसात उभं राहून ते वाक्य वाचताना मला जीभ जड वाटायला लागली. मी या कामावर येण्याआधीच तयार झालेल्या मसुद्यातून ते तसंच पुढे आलेलं. इंग्रजीवरून कुणीतरी ते करून घेतलं होतं, पुण्यानं तपासलं होतं, छापखान्यानं छापलं होतं. एवढ्या हातांतून गेलेलं वाक्य पहिल्यांदा कुणीतरी कामासाठी वाचलं, आणि त्यानं त्याचं पालन केलं.

"तुमचं काही चुकलं नाही, दादा," मी म्हटलं. "तुम्ही आम्ही लिहिलं तसं केलंत."

त्याचा आवाज एकदम उतरला. भांडायच्या तयारीनं आलेल्या माणसाला समोरून होकार आला, की काय करावं ते सुचत नाही, तसं झालं. त्यानं बायकोला चहा टाकायला सांगितला.

चहा पिताना बायकोनं विचारलं, "पर ताई, मला एक सांगा. इंजिनाला खत कशाला लागतंय?"

मी तिला सांगायला लागले. इंजिनाच्या पोटात फार धग असते. इतकी, की डिझेलबरोबर हवासुद्धा जळते, आणि त्यातून एक वायू होतो. तो धुरासारखा काळा दिसत नाही, पण छातीत जातो, दमा लावतो. बाजारात जे पाणी मिळतं त्यात अगदी शुद्ध युरिया असतो, शुद्ध पाण्यात, मोजून घातलेला. तो सायलेन्सरमध्ये फवारला, की तो वायू निवळतो, साधी हवा आणि पाण्याची वाफ होऊन बाहेर पडतो. खताच्या युरियात लेप असतो, बोरच्या पाण्यात क्षार असतात. ते आतल्या बारीक छिद्रांत दगडासारखे बसतात.

चालक ऐकत होता. कप खाली ठेवून तो म्हणाला, "म्हंजे हे पाणी इंजिनाच्या कामाचं न्हाईच? इंजिन त्याच्याबिगर बी चाललं असतं?"

"चाललं असतं. ते तुमच्यासाठी आहे. दिवसभर मशीनच्या मागे कोण असतं?"

त्यानं हनुवटीनं बायकोकडे दाखवलं. "ही असती. ट्रॉलीला हात दावत, पडल्यालं कांडं गोळा करत. समदा धूर हिच्याच अंगावर."

"मला तर वाटलं, सरकारनं आमास्नी छळाय केलंय," ती हसून म्हणाली.

मग ते दोघे बाप्ये कामाला लागले. टाकी उतरवली, धुतली, शुद्ध पाण्यानं पुन्हा धुतली. फवारणीचं तोंड काढलं तर त्यात पांढरा खडा घट्ट बसलेला. ते वाचण्यासारखं नव्हतं; दुसरं साताऱ्याहून मागवलं. सायलेन्सरमधली जाळी मात्र शाबूत होती. चालकाचा मेहुणा फौजेत आहे हे कळल्यावर सुभेदारांना नवंच बळ चढलं. "मग तू आपलाच की रं गड्या," असं म्हणत त्यांनी त्याला पाना कसा धरायचा इथपासून शिकवायला सुरुवात केली, आणि तोही, आपल्याला येत असताना, मुकाट्यानं शिकला. नवं तोंड बसवून, त्याच्याबरोबर आलेलं तयार पाणी टाकीत भरून मशीन सुरू केलं तेव्हा आवाज भरला, तोडणीची पाती फिरली आणि मशीन उसात शिरलं. बायको ट्रॉलीच्या बाजूला धावली. जाता जाता तिनं वर सायलेन्सरकडे एकदा बघून घेतलं.

साताऱ्यात परत बैठक झाली. आष्ट्यात काय सापडलं आणि फोनवर विचारल्यावर इतरांकडेही तेच निघालं, हे मी सांगितल्यावर विक्रीप्रमुखांनी हातच टेकले. "खत घातलं त्यांनी! मग तर प्रश्नच मिटला. चुकीचं पाणी घातलं तर वॉरंटी लागू नाही, असं आपण स्पष्ट लिहिलंय."

"कुठल्या भाषेत लिहिलंय?" मी विचारलं आणि पुस्तकाचं ते पान साहेबांपुढे ठेवलं. "साहेब, एवढं एक वाक्य वाचा आणि टाकीत काय घालायचं ते मला सांगा."

साहेबांनी वाचलं. चष्मा वर करून पुन्हा वाचलं. "मला माहीत आहे म्हणून माहीत आहे," ते म्हणाले. "ह्यावरून नसतं कळलं." आणि मोठ्यानं हसले. विक्रीप्रमुखांनाही हसू आवरेना.

ठरलं ते असं, की ज्यांची ज्यांची फवारणीची तोंडं बुजली आहेत त्यांना कारखाना ती बदलून देईल, आणि लेबल नव्यानं लिहिलं जाईल. लिहायचं कुणी, तर मीच.

मला वाटलं, एका दुपारचं काम आहे. 'कृपया शेतीसाठीचा युरिया वापरू नये,' असं लिहून मी सुभेदारांना दाखवलं. ते म्हणाले, "'वापरू नये' म्हंजे कुणीतरी सल्ला दिल्यागत वाटतंय. फौजेत असं लिवलं तर कुणी ऐकायचं न्हाई." मग मी लिहिलं, 'शेतातला युरिया यात घालू नका. इंजिन बंद पडेल.' हा कागद घेऊन मी रविवारी आष्ट्याच्या आसपासच्या फडांवर फिरले. ज्या चालकाला मी तो दाखवायचे तो वाचायचा आणि मान हलवायचा. मान हलवणं म्हणजे समजणं नव्हे, हे मी आता शिकले होते, म्हणून पुढे विचारायचे, "मग काय घालणार?" तेव्हा कळायचं की काय घालू नये ते समजलं, पण काय घालावं ते लेबल सांगतच नाही. एक जण म्हणाला, "बंद पडंल असं समद्यावरच लिवल्यालं असतंय ओ. का पडंल ते लिवा." दुसऱ्या एकाला वाचता येत नव्हतं. त्यानं कागद उलटा धरला होता आणि मला वाईट वाटू नये म्हणून बराच वेळ बघत होता. त्याच्यासाठी चित्र हवं होतं.

शेवटी जे उतरलं ते असं होतं: 'निळ्या डब्यातलं तयार पाणी घाला. शेतातला युरिया घालू नका. बोरचं, विहिरीचं पाणी घालू नका. हे पाणी धुरातलं विष मारतं. ते तुमच्या माणसांसाठी आहे.' आणि शेजारी चित्र: खताचं पोतं, त्यावर लाल फुली.

हे घेऊन मी पुण्याला अधिकारी बाईंसमोर बसले. लेबल बदलायचं म्हणजे प्रमाणपत्राचा भाग बदलायचा. त्यांच्या मान्यतेशिवाय एक अक्षर हलवता येत नव्हतं. त्यांनी कागद वाचला.

"ही कागदपत्रांची भाषा नाही," त्या म्हणाल्या.

"नाही, बाई. पण चालकाला समजेल अशी सूचना असावी, एवढंच अपेक्षित आहे ना? जुनी त्याला समजत नव्हती." आणि मी त्यांना कडुनिंबाच्या वासाची, दुहेरी फडक्याची सगळी गोष्ट सांगितली.

ऐकताना त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. मग त्यांनी पेन्सिल उचलली. "'विष मारतं' हे बरोबर नाही. सगळं मरत नाही. थोडं उरतंच. आपण ते उरलेलंच मोजतो. 'कमी करतं' लिहा. माणसांना खरं सांगायचं तर पूर्ण खरं सांगा."

त्यांचं म्हणणं बरोबर होतं, आणि मला ते आवडलंही. मी 'कमी करतं' केलं. मग त्यांनी विचारलं, "आणि हे डिझेलच्या फडक्यानं पुसलं तर टिकेल का?"

ते कुणी करून बघितलंच नव्हतं.

साताऱ्यात सुभेदारांनी डिझेलचं फडकं दोनचारदा फिरवलं आणि माझी सगळी मराठी पुसून गेली. फुलीसुद्धा गेली. पत्र्यावर अक्षरं उठवून घ्यायची असं ठरलं. त्यात हंगाम निघून गेला. कोल्हापूरच्या एका कारागिरानं करून दिलेला पत्रा आम्ही डिझेलमध्ये भिजवला, उन्हात ठेवला, पाण्याच्या फवाऱ्यानं धुतला आणि मग पुण्याला पाठवला. मान्यता आली तेव्हा ईमेलमध्ये नेहमीच्या दोन ओळींखाली बाईंनी एक जास्तीची ओळ लिहिली होती: 'शेवटचं वाक्य चांगलं आहे.'

पुढचा हंगाम सुरू व्हायच्या आधी आम्ही जतकडे गेलो. हार्वेस्टरवाले बहुतेक तिकडचेच. हंगाम संपला की आपापल्या गावी असतात. एका शाळेच्या व्हरांड्यात पंचवीस-तीस जण जमले. विक्रीप्रमुखही आले होते, आणि न सांगता त्यांनी आपल्या गाडीत निळे डबे भरून आणले होते. तालुक्याच्या गावी ते पाणी मिळेल अशी सोय त्यांनी परस्पर लावली होती. मला म्हणाले, "मॅडम, डब्यातलं घाला म्हणून पत्र्यावर लिहिलंत. डबा तर मिळायला पाहिजे." याचा विचार मी केलाच नव्हता.

मी बोलायला उभी राहिले तेव्हा लोक सभ्यपणे ऐकत होते, आणि मागे दोघे तिघे घड्याळं बघत होते. तेवढ्यात आष्ट्याच्या फडावरची ती बाई नवऱ्यामागून उठली. बायका तिथे तीनचारच होत्या.

"ताई, मी सांगू का?" असं म्हणून ती पुढे आली. ती तिकडच्या कन्नडमिश्रित बोलीत सांगत होती, त्यातलं निम्मं मला कळलं नाही. तिनं बहुतेक फडकं कसं धरायची ते हातांनी दाखवलं असावं, कारण सगळे हसले. मग तिनं मशीनमागून चालण्याची नक्कल केली, तोंडावर पदर धरला, आणि हसणं थांबलं. शेवटचं तिनं मराठीत सांगितलं. "ह्यो दिवा लागला की समजायचं, आता धूर आपल्या घरच्या माणसाच्या अंगावर चाललाय. एवढंच हाय बघा."

घड्याळ बघणाऱ्यांपैकी एकानं तिलाच प्रश्न विचारला, मला नाही. तिनं उत्तर दिलं. मी खाली बसले.

त्या हंगामात ताकद सोडल्याचे फोन आले, पण बोटांवर मोजण्याइतके. सांगलीच्या लॅपटॉपवाल्याकडे आमची गिऱ्हाइकं जायची थांबली, असं विक्रीप्रमुखांनीच कौतुकानं सांगितलं. पुण्याची माणसं न सांगता आली, त्यांनी रांगेतलं एक इंजिन निवडून नेलं, आणि ते पास झालं. डिझाइन विभागात एक जागा रिकामी झाली तेव्हा साहेबांनी मला विचारलं, परत जायचं का. मी म्हटलं, "नको. पण मला हाताखाली एक माणूस द्या." दिला.

आणि मग एका सकाळी त्या बाईचा फोन आला.

"ताई, डबा निळा हाय, वर शिक्का बी हाय. पर हे पाणी मला खरं वाटंना."

"का? वास येतोय?"

"वास कायबी न्हाई. साडीवर सांडलं हुतं. वाळल्यावर पांढरं पडलं न्हाई. आपलं पडतंय."

मी खुर्चीतून उठलेच. पांढरा डाग पडत नाही म्हणजे त्यात युरियाच नव्हता. असं खोटं पाणी भरून विकणारे निघणार, हे आम्हाला कधीतरी अपेक्षित होतं. इतक्या लवकर नव्हतं. "टाकीत घातलंत का?"

"न्हाई. ह्यांना म्हटलं, थांबा, आदी ताईला इचारते."

त्याच दिवशी मी आणि सुभेदार निघालो. वाटेत मी अधिकारी बाईंना फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, नमुना सीलबंद करून घेऊन या, पुढचं आम्ही बघतो. आणि चालकाला स्वतः तपासता येईल असं काही देता येईल का, त्याचाही अर्ज बरोबरच करा. तसं साधन सुभेदारांच्या टेस्ट बेडवर होतं: बोटाएवढी नळी, तिच्या काचेवर पाण्याचा थेंब ठेवायचा आणि उजेडाकडे धरून आत बघायचं. पाणी बरोबर असेल तर आतली निळी सावली ठरलेल्या रेघेवर येते.

फडावर पोचल्यावर सुभेदारांनी ती नळी तिच्या हातात दिली. एक डबा त्यांनी साताऱ्याहून आणला होता. तिनं आधी त्यातला थेंब ठेवला, सूर्याकडे पाठ करून नळी आभाळाकडे धरली, एक डोळा मिटला. "आली रेघंवर." मग काच पुसून बाजारातल्या डब्यातला थेंब ठेवला. बराच वेळ बघितलं आणि हसली. "ह्ये नुसतं पाणी हाय ओ."

नवरा मशीनवर उभा होता, निळं झाकण उघडून. तिनं साताऱ्याचा डबा उचलून त्याच्याकडे दिला आणि म्हणाली, "हं, घाला आता."